श्री संत तुकाराम महाराज : माणसांची खते आणि देवाचा शब्द

आपल्या गावच्या श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराचा जीर्णोद्धार पांडुरंगाच्या कृपेने पुरा झाला, कळस चढला, आणि या स्मरणिकेसाठी एखाद्या संताचे चरित्र लिहून द्यावे अशी समितीची आज्ञा झाली. मी काही विद्वान नव्हे. तहसील कचेरीत कागद लावणारा एक कारकून आणि या कामात पावत्या फाडणारा सेवेकरी, एवढीच माझी योग्यता. आपल्या धाराशिव जिल्ह्याचे भूषण म्हणजे तेरचे गोरोबाकाका. तेव्हा त्यांच्यावरच लिहावे असे काही वडीलधाऱ्यांनी सुचविले. परंतु पावतीपुस्तके हाताळताना मला पुन्हा पुन्हा आठवत होते ते देहूचे तुकाराम महाराज. कारण त्यांनीही आपल्या गावच्या पडक्या विठ्ठल मंदिराचा जीर्णोद्धार केला होता, आणि तोही घरातले सर्व काही बुडाल्यानंतर केला होता. हरिनाम सप्ताहात आपण वर्षानुवर्षे गाथा वाचतो. पण त्यांच्या चरित्रातील हा भाग आपल्या ध्यानात फारसा राहत नाही. म्हणून तोच मुख्यतः सांगण्याचे योजिले आहे. चूकभूल वाचकांनी पदरात घ्यावी.

महाराजांचा जन्म इंद्रायणीकाठच्या देहू या गावी झाला. साल बहुतेक अभ्यासक इ.स. १६०८ धरतात, काहीजण १५९८ मानतात. वडिलांचे नाव बोल्होबा, मातोश्रींचे कनकाई. थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. घराणे मोऱ्यांचे, जातीने कुणबी, पण घरात बाजारपेठेची महाजनकी, दुकान, शेती आणि सावकारी असे सर्व काही होते.

या घराण्याचे एक पूर्वज विश्वंभरबाबा हे पंढरीचे नेमस्त वारकरी. म्हातारपणी वारी झेपेना, तेव्हा देवाने स्वप्नात येऊन आता मीच तुझ्या गावी येतो असा शब्द दिला, आणि आंब्याच्या बनात जमिनीत विठ्ठल-रखुमाईची मूर्ती सापडली, अशी परंपरा आहे. त्या मूर्तीसाठी त्यांनी इंद्रायणीच्या काठी देऊळ उभारले. देवाने शब्द दिला आणि पाळला, ही आठवण त्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. पुढची हकीकत समजण्यासाठी वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे.

सावजींचे मन पहिल्यापासून विरक्त. त्यामुळे वयाच्या तेराव्या वर्षीच दुकानाचा आणि वसुलीचा भार तुकोबांच्या अंगावर पडला. पहिल्या पत्नी रखुमाबाई यांना दम्याचा विकार होता, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे सावकारांची कन्या जिजाई यांच्याशी दुसरे लग्न लावून देण्यात आले. चार-पाच वर्षे सर्व नीट चालले. दुकान भरलेले, लोक रामराम घालीत दारावरून जाणारे. सतराव्या वर्षी आईवडील निवर्तले. अठराव्या वर्षी भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. घरातील मोठी माणसे अशी एकामागून एक गेली, तरी तुकोबांनी धीर सोडला नाही.

मग आला इ.स. १६३० चा दुष्काळ. दक्षिणेत आणि गुजराथेत दोन वर्षे हाहाकार माजला. आपल्या भागालाही त्याची झळ लागली होती. १६३१ साली मोगल सरदार आझमखानाने आपल्या जिल्ह्यातील परंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. पण आसपास जनावरांना घालायला वैरण मिळेना, म्हणून त्याला वेढा उठवावा लागला. बादशाही फौजेच्या घोड्यांची ही दशा, तर गरीब कुळांचे काय झाले असेल याची कल्पना करावी. आमच्या वडिलांच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला. खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. पण त्या वेळी सरकारची कामे तरी निघाली होती. १६३० साली ज्याचे त्याने पाहायचे होते.

अशा काळात तुकोबांचे दिवाळे निघाले. दुकानातला माल उधारीवर गेला होता आणि उधारी वसूल होण्याची आशा उरली नव्हती. आतापर्यंत मान देणारे लोक तोंड चुकवू लागले. सोयऱ्याधायऱ्यांनी दोन-चार वेळा हात दिला, नंतर तेही थांबले. अठराव्या शतकात संतांची चरित्रे लिहिणाऱ्या ताहराबादच्या महिपतींनी या काळातल्या हकीकती दिल्या आहेत. तुकोबा मिरच्या घेऊन कोकणात गेले, तेव्हा गिऱ्हाइकांनी आपल्याच हाताने माप भरून घेतले आणि त्यांना फसविले. येताना वाटेत एका ठकाने पितळेच्या कड्यांवर सोन्याचा मुलामा देऊन ती त्यांच्या गळ्यात मारली. जिजाईंनी स्वतःच्या पतीवर कर्ज काढून पुन्हा भांडवल दिले. त्यात नफा झाला, पण परतताना कर्जापायी धरलेला एक गरीब मनुष्य दिसला आणि त्याला सोडविण्यात ती रक्कम खर्ची पडली.

जिजाईंना तोंडाळ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मला ते बरोबर वाटत नाही. घरात दाणा नसता लेकरांच्या तोंडात काय घालायचे हा प्रश्न त्या माउलीपुढे रोज उभा होता. त्या बोलल्या असतील, पण डोंगरावर भाकरी घेऊन जाणाऱ्याही त्याच होत्या.

त्या दुष्काळात रखुमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. पाठोपाठ त्यांचा मुलगा संतू गेला. ज्या घरातून गावाला धान्य मिळत होते त्याच घरात भुकेने मृत्यू झाला. महाराजांनी आपल्या अभंगांत ही हकीकत स्वतः सांगितली आहे आणि त्या वेळी लाज वाटून जीव कष्टी झाला हेही लपविलेले नाही. वय अवघे बावीस-तेवीस. त्या अवस्थेत तुकोबा उठले आणि कोणाला न सांगता भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले.

येथे वाचकांना थोडे थांबवितो. आमच्या कचेरीत कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची प्रकरणे येतात. पंचनामा, सातबारा, बँकेचा दाखला, वारसांचा जबाब असे कागद मी क्रमाने लावतो. कर्ज किती होते हे कागदावर असते. त्या रात्री त्याच्याजवळ कोण होते, हे कोणत्याच कागदावर नसते. तुकोबांचीही वेळ तशीच होती. फरक एवढाच की धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधीत रानोमाळ हिंडला, डोंगरावर गाठले आणि घरी घेऊन आला. सर्व माणसांनी पाठ फिरविली होती हे खरे, पण एक भाऊ शोधायला निघाला होता. चरित्रात कान्होबांचे नाव एका ओळीत येऊन जाते. मला ती ओळ फार मोठी वाटते.

डोंगरावर त्या दिवसांत काय घडले? परंपरा सांगते की महाराजांना तेथे विठ्ठलाचा साक्षात्कार झाला. त्याचे वर्णन करण्याचा माझा अधिकार नाही. पण तेथून उतरल्यावर त्यांनी जे केले ते मात्र आम्हा कागदवाल्यांना नीट समजते. त्यांनी घरातले सावकारीचे दप्तर काढविले. कुळांनी लिहून दिलेली खते, रोखे, गहाणाचे कागद. कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हवाली केला, कारण भावाच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही हे ते जाणत होते. आपल्या वाट्याची खते घेऊन ते इंद्रायणीवर गेले आणि ती पाण्यात सोडून दिली.

कागदाची किंमत काय असते हे मला रोज दिसते. एका फेरफारासाठी लोक वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. खत म्हणजे माणसाने माणसाला दिलेला शब्द, सहीशिक्क्यानिशी. तो बुडविला म्हणजे कुळे मोकळी झाली, हे तर उघडच आहे. पण तुकोबाही मोकळे झाले. अमक्याने बुडविले, तमक्याने फसविले हा हिशेब त्यांनी त्या कागदांबरोबर सोडून दिला.

स्वतःची गोष्ट सांगू नये, पण सांगितल्यावाचून हे मला कसे उमगले ते कळणार नाही. काही वर्षांपूर्वी मी एका जिवलग माणसाला कर्जासाठी जामीन राहिलो. त्याने हप्ते थकविले आणि गाव सोडले. कपात माझ्या पगारातून झाली. पैशाचे दुःख कालांतराने ओसरले. पण रात्री अंथरुणावर त्याच्याशी भांडणे काही थांबेनात. त्याच वर्षी सप्ताहात कीर्तनकारबुवांनी या खतांची कथा लावली होती. ती पूर्वीही ऐकली होती, परंतु त्या दिवशी प्रथमच वाटले की माझेही एक खत मी उशाशी घेऊन निजतो आहे. ते मी एका दिवसात बुडवू शकलो नाही. अजूनही कधीमधी वर येते. पण कोठे बुडवायचे ते ठिकाण त्या दिवसापासून ठाऊक झाले.

आता मंदिराची हकीकत. विश्वंभरबाबांनी बांधलेले ते देऊळ तोवर मोडकळीस आले होते. देवाचे देऊळ भंगले आहे, ते नीट करावे असे महाराजांच्या मनाने घेतले. गाठीला पैसा नाही, गावात पत नाही. महिपती सांगतात की त्यांनी स्वतःच दगड वाहिले, माती कालविली, भिंती उभ्या केल्या. दिवाळे निघालेला मनुष्य देऊळ बांधतो हे पाहून गावात लोक काय बोलले असतील ते सांगायला नको.

आपल्या जीर्णोद्धारातही थोडे असेच झाले. सभेत सांगितलेले काही मोठे आकडे पावतीपुस्तकापर्यंत आले नाहीत. कोणाविषयी तक्रार नाही. पावसाने ओढ दिली, सोयाबीन हाती लागले नाही, ज्याची त्याची अडचण असते. पण ज्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती अशा खुरपणीला जाणाऱ्या बायकांनी दिवसाची मजुरी आणून दिली, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोरांनी पगारातून पैसे पाठविले, आणि ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी वाळू उपसली, विटा वाहिल्या. देवळाचे काम अडले नाही. सर्व लहानमोठ्या देणगीदारांची नावे पुढे छापली आहेत. घाम देणाऱ्यांची यादी मात्र कोठेच मावत नाही.

देऊळ उभे राहिल्यावर महाराज एकादशीला तेथे कीर्तनात उभे राहू लागले. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, हेही त्यांनीच सांगितले आहे. म्हणून त्यांनी थोर संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. भंडाऱ्याच्या डोंगरावर बसून ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि नामदेवरायांचे अभंग यांची पारायणे केली. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने अनन्य भक्ताचा योगक्षेम आपल्या शिरावर घेतला आहे आणि माझ्या भक्ताचा नाश होत नाही अशी हमी दिली आहे. पंढरीत तर पुंडलिकासाठी तो विटेवर उभाच आहे. माणसांची खते पाण्यात सोडणाऱ्या तुकोबांनी देवाचे हे एक खत मात्र जन्मभर छातीशी धरले. माघ शुद्ध दशमीला गुरुवारी स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी त्यांना रामकृष्णहरी हा मंत्र दिला. पुढे नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी अभंगरचनेची आज्ञा केली.

परंतु देवाच्या शब्दावर विसंबले म्हणजे माणसांचा त्रास संपतो असे नाही. अभंगांची कीर्ती पसरली, तसा रोषही वाढला. शूद्राने वेदांचा अर्थ सांगावा हे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांना रुचले नाही. अभंगांच्या वह्या पाण्यात बुडवाव्यात असे ठरले. महाराजांनी वाद घातला नाही. वह्या बांधल्या, दगड ठेवला आणि त्या इंद्रायणीत सोडल्या.

ही त्याच नदीतली दुसरी बुडवणूक. पहिल्या वेळी लोकांनी दिलेले शब्द त्यांनी आपखुशीने सोडले होते. या वेळी देवाच्या आज्ञेने लिहिलेले शब्द लोकांनी सोडायला लावले. पहिल्यापेक्षा ही वेळ कठीण होती, कारण आता प्रश्न देवाच्या शब्दाचा होता. लिहायला तूच सांगितलेस, मग हे असे का? महाराज देवळासमोरच्या शिळेवर अन्नपाणी सोडून बसले, ते तेरा दिवस. त्या दिवसांतले अभंग वाचले तर दिसते की ते गप्प बसले नव्हते. ते देवाशी भांडले, त्याला बोल लावला, सावकाराने थकलेल्या कुळाकडे मागावा तसा जाब मागितला. विश्वास म्हणजे मुकाट्याने सोसणे अशी आपली समजूत असते. तुकोबांनी देवाला जाब विचारला, पण देवाचे दार सोडले नाही.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. काही अभ्यासक म्हणतात की गावोगावच्या लोकांच्या तोंडी असलेले अभंग पुन्हा लिहून काढले गेले आणि गाथा तरली. कसेही धरा, एक गोष्ट राहतेच. त्याच नदीत सोडलेली सावकारीची खते परत आली नाहीत, कोणी ती पुन्हा लिहूनही काढली नाहीत. अभंग मात्र परत आले. ती शिळा देहूत आहे. तेथे बांधलेल्या नव्या शिळा मंदिराचे लोकार्पण १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

पुढे रामेश्वरभट्टांना पश्चात्ताप झाला आणि ते महाराजांचे शिष्य बनले. कीर्तनानंतर आपण तुकोबांची जी आरती म्हणतो, ती त्यांचीच रचना होय. वह्या बुडवायला लावणाऱ्या माणसाच्या शब्दांनी आज गावोगाव महाराजांना ओवाळले जाते. देहूच्या मंबाजी गोसाव्यांनी काटेरी फांदीने मारले, तर त्या रात्री ते कीर्तनाला आले नाहीत म्हणून महाराज त्यांना बोलवायला गेले आणि मारून त्यांचेच हात दुखले असतील म्हणून अंग रगडू लागले. ज्याच्याजवळ जुनी खते शिल्लक आहेत त्याच्याने हे होत नाही.

आणि माणसे वाईटच होती असेही नाही. चाकणचे संताजी जगनाडे, जातीने तेली, हे महाराजांचे टाळकरी. ते अभंग उतरवून घेत. गंगाराम मवाळही तसेच लिहून घेणारे. शिऊरच्या बहिणाबाईंनी महाराजांना गुरू मानले. ज्याने माणसांवरचा हिशेब सोडला त्याच्याभोवती माणसे पुन्हा गोळा झाली.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ.स. १६५० मध्ये, महाराज वैकुंठास गेले. तीच तुकाराम बीज. धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांचा जन्म त्यानंतरचा. त्यांनीच १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापून निघाली. सुमारे साडेचार हजार अभंगांची ही ठेव आज खेड्यापाड्यांत वाचली जाते.

गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतमंडळीत कोणते मडके भाजले आणि कोणते कच्चे ते पाहिले, ही कथा आपल्या जिल्ह्यातील लहान मूलही जाणते. तुकोबांचे मडके १६३० च्या आव्यात भाजून निघाले. आपल्या वाट्यालाही दुष्काळ येतात, भाव पडतात, जवळची माणसे शब्द फिरवितात. अशा वेळी या नव्या मंदिराच्या पायरीवर येऊन बसावे. देवाशी भांडावेसे वाटले तर भांडावे. तो विटेवरून हलत नाही. आणि गावातला कोणी चार दिवस दिसला नाही, तर कान्होबांप्रमाणे कोणीतरी त्याला शोधायला निघावे. जीर्णोद्धार दगडविटांचा झाला. एवढे आपल्या हातून घडले तर तो पुरा झाला असे मी समजेन.

रामकृष्णहरी.